कर दहाने घटला, किंमत किती?

नवी दिल्लीत ३ सप्टेंबर २०२५ रोजी झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत एसीवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचे ठरले, तेव्हा एसी दहा टक्क्यांनी स्वस्त होईल असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु टक्केवारी नेहमी पायाभूत रकमेवर (जिचा हिस्सा मोजायचा तिच्यावर) ठरते. अर्ध्या भाकरीचा चौथा हिस्सा अख्ख्या भाकरीच्या चौथ्या हिश्श्याहून लहानच भरतो. करपूर्व किंमत ३०,००० रुपये असल्यास आधीचे बिल ३८,४०० होते, नवे ३५,४०० होते. वाचलेले ३,००० रुपये करपूर्व किमतीच्या दहा टक्के असले, तरी जुन्या बिलाच्या सुमारे ७.८ टक्केच भरतात. दहाने घटले ते टक्केबिंदू (दोन दरांमधील सरळ वजाबाकी). आणि हा हिशोबही विक्रेत्याने मूळ किंमत वाढवली नाही, तरच जुळतो.