पानाचा रंग गळ्यात कसा उतरवायचा?

दिवाळीच्या सुट्टीत किल्ला केला होतात ना? दगड, विटा, जुनं पोतं, त्यावर लाल मातीचा लेप, पायथ्याशी पेरलेले अळीव. मग आईबाबांच्या मागे लागून कुंभारवाड्यातून आणलेली 'चित्रं'. पुण्यात त्यांना चित्रंच म्हणतात, पुतळे म्हणणारा बाहेरचा! सिंहासनावर महाराज, भालेवाला मावळा, तोफ, गवळण आणि का कोण जाणे, एक वाघ. मावळ्याचा फेटा लाल, अंगरखा पांढरा, चेहरा गुलाबी आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके. त्यातला एक हमखास गालावर घसरलेला.

याच मावळ्याला कुणी नीट रंगवायला बसलं, म्हणजे फेट्याच्या घडीत सावली, नाकाच्या शेंड्यावर लाली, डोळ्यात बुबुळ, तर त्या उद्योगाला जगभर मिनिएचर पेंटिंग म्हणतात. राजस्थानी लघुचित्रं ती ही नव्हेत. हे रेझिन, प्लॅस्टिक किंवा धातूचे इवलेसे पुतळे असतात. २८ मिलिमीटरचा सैनिक, ७५ मिलिमीटरचा घोडेस्वार, नाहीतर नुसतं डोकं आणि खांदे असलेला बस्ट. ऑफिसात दिवसभर एक्सेलच्या चौकटी रंगवणाऱ्या पब्लिकला संध्याकाळी हे रंगवायला फार आवडतं, असं माझं निरीक्षण आहे. इथे अनडू नसतो, पण वर दुसरा थर मारता येतो.

मला मात्र हा नाद लागला तो पाबळमुळे.

एक गाव, दोन पत्ते

पाबळ शिरूर तालुक्यात. पुण्याहून नगर रस्त्याने शिक्रापूर गाठायचं आणि डावीकडे आत वळायचं, साधारण साठेक किलोमीटर. वीकएंडला बाइकवर निघालात तर आरामात होतं. कोरडं, पावसाच्या छायेतलं गाव. इथे बघण्यासारख्या दोन जागा आहेत आणि गंमत म्हणजे बहुतेक लोक एकच बघून परत येतात.

पहिली म्हणजे मस्तानीची समाधी. कुणी कबर म्हणतं, कुणी मजार. पाबळ तिला इनाम मिळालेलं गाव. २८ एप्रिल १७४० ला नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले, त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. कशी गेली यावर इतिहासकार अजून भांडतात. पुरलं मात्र इथे, तिच्या स्वतःच्या गावात.

दुसरी जागा म्हणजे विज्ञान आश्रम. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून इथे आले आणि १९८३ साली त्यांनी हा आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या खेड्यातल्या पोरांनी वेल्डिंग, सुतारकाम, शेती, वायरिंग हाताने करत करत शिकावं, ही कल्पना. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने इथे फॅब लॅब सुरू झाली. एमआयटीच्या बाहेरची ती जगातली पहिली समजली जाते. कॉम्प्युटरवरच्या आकृतीवरून खरीखुरी वस्तू बनवायची, ही त्या लॅबची दुनिया. थ्रीडी प्रिंटर हा शब्द आपल्या तोंडी यायच्या कितीतरी आधी तो विचार पाबळला पोहोचला होता! डॉ. कलबाग २००३ साली गेले, आश्रम चालू आहे.

(१९८३ वरून आठवलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये गेम्स वर्कशॉपने 'वॉरहॅमर' हा टेबलावर फौजा मांडून खेळायचा खेळ काढला आणि पुतळे रंगवणाऱ्यांची एक अख्खी पिढी तयार झाली.)

तर एकीकडे अशी बाई, जिचा चेहरा कुणाला खात्रीने माहीत नाही. दुसरीकडे, आकृती द्या, वस्तू घ्या असं म्हणणारी लॅब. समाधीपाशी उभं राहिल्यावर माझ्या डोक्यात आलं, की समजा मस्तानीचा बस्ट छापून हातात मिळाला, तर तो रंगवायचा कसा? मी ओढणी घेतलेल्या एका अनामिक बाईचा रेझिनचा बस्ट आणला आणि कामाला लागले.

छोट्या वस्तूवर सावली पडत नाही

हे वाक्य नीट समजलं की अर्धं शिक्षण झालं. खऱ्या माणसाच्या हनुवटीखाली सावली पडते, कारण हनुवटी मोठी असते. दहापट लहान केलेल्या डोक्यावर, म्हणजे एका सुपारीएवढ्या चेहऱ्यावर, तुमच्या खोलीतला ट्यूबलाइट सगळीकडून सारखाच पडतो. त्यामुळे एकच सपाट रंग दिला की चेहरा प्लॅस्टिकच्या बाहुलीसारखा दिसतो. म्हणून सावली रंगवावी लागते, उजेडसुद्धा रंगवावा लागतो. आपल्या किल्ल्यावरच्या मावळ्याचं नेमकं इथेच बिनसायचं.

सुरुवात कंटाळवाणी आहे, पण टाळता येत नाही. रेझिनचा तुकडा कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने धुवायचा, नाहीतर तेलकटपणामुळे रंग सुटतो. साच्याची रेघ किंवा प्रिंटरच्या थरांच्या रेषा बारीक पॉलिश पेपरने, पाणी लावून घासायच्या. कोरडं घासलंत तर ती पूड नाकात जाते, तेव्हा मास्क लावा. मग मॅट प्रायमर. आधी सगळीकडून काळा, नंतर फक्त वरून पांढरा फवारा. जणू माथ्यावर दुपारचा सूर्य आहे. लगेच कळतं की उजेड कुठे पडणार आणि अंधार कुठे साचणार. गणपतीच्या कारखान्यात स्प्रे गनने मूर्तीच्या पोटाला, सोंडेला छटा देताना पाहिलंय? भावंडच आहे ते. फक्त जुलैत, बाहेर धो धो चालू असताना स्प्रे मारू नका. दमट हवेत प्रायमर पिठासारखा बसतो.

ब्रशच्या बाबतीत सगळे नवशिके एकच घोळ घालतात. डोळे बारीक म्हणून ट्रिपल झिरोचा ब्रश आणतात. त्या चार केसांत रंगच मावत नाही, पुतळ्यापर्यंत पोहोचेतो तो सुकतो. एक किंवा दोन नंबरचा, पण टोक सुईसारखं जुळणारा ब्रश घ्या. रंग पातळ हवा, ताकाइतका. दाट रंगाचा एक थर दिलात तर बारीक कोरीवकाम बुजून जातं, म्हणून पातळ थर दोन, तीन, लागतील तितके. कॅमलचे ॲक्रिलिक चालतात का? चालतात. मात्र ते कॅनव्हासच्या हिशोबाने दाट असतात, त्यामुळे जरा जास्त पातळ करावे लागतात. परदेशी बाटल्यांसाठी पगार उडवायची गरज पहिल्या सहा महिन्यांत तरी नाही. उन्हाळ्यात प्लेटमधला रंग बघता बघता सुकतो. त्यावर उपाय घरातलाच. पसरट डबा, तळाला ओला टिश्यू, वर बटर पेपर आणि त्यावर रंग. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही ओला.

आता कातडी

'फ्लेश' असं लिहिलेली बाटली आणली की हमखास गुलाबी निघते. इंग्लंडातल्या सैनिकाला शोभेल, आपल्या कुणालाच नाही. म्हणून बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि किंचित पांढरा असं स्वतःच कालवायला शिकायचं. सावलीसाठी त्यात काळा घालायचा नाही, चेहरा मळकट होतो. थोडा किरमिजी, थोडा जांभळा घाला. उजेडासाठी नुसता पांढरा घातलात तर खडूसारखं दिसतं, पिवळसर छटा ठेवा.

आणि इथेच ती दंतकथा आठवते. मस्तानी इतकी गोरी आणि नितळ होती, की तिने पान खाल्लं की गळ्यातून उतरणारा लाल रस बाहेरून दिसायचा! आपण सगळ्यांनी ही कधी ना कधी ऐकलेली आहे. इतिहास म्हणून तिला काडीची किंमत नाही. पण रंगवणाऱ्यासाठी तो चक्क धडा आहे. कातडी पारदर्शक असते. खालचं रक्त वर झिरपतं, म्हणून जिवंत चेहरा एका रंगाचा नसतोच. कपाळ जरा पिवळसर, गाल, नाक आणि कान लालसर, पुरुषांच्या हनुवटीवर दाढीची निळी-करडी झाक. हे साधायला ग्लेझ वापरतात. रंगात इतकं पाणी किंवा मिडियम घालायचं की तो रंगीत पाणीच वाटावा. ब्रश टिश्यूवर टिपून घ्यायचा आणि एक पुसटसा पापुद्रा द्यायचा. सुकला की पुन्हा. गालावर सात-आठ वेळा लाल फिरवलं तरी लाल दिसत नाही, फक्त चेहरा थंड वाटेनासा होतो.

गळ्यावर मी लाल ग्लेझ दिला, पण पानाइतका नाही. आणि ओळखीच्या कहाणीपेक्षा दोन छटा सावळी केली. का नाही करायची? ती बुंदेलखंडातून आली, छत्रसालांकडून. घोड्यावर बसून बाजीरावांच्या मोहिमांत जायची, असं तिच्याबद्दल सांगतात. उन्हात फिरणाऱ्या बाईच्या नाकावर आणि गालफडांवर ऊन दिसायला हवं. दंतकथेने तिला बरणीत ठेवलेल्या साखरेसारखं करून टाकलंय. पुण्यात तर मस्तानी म्हटलं की आधी आइस्क्रीमवाला ग्लास आठवतो. २०१५ साली संजय लीला भन्साळींचा सिनेमा आल्यापासून डोळ्यांसमोर दीपिकाच येते. तिच्या हयातीतलं, हे तिचंच असं ठामपणे म्हणता येईल असं चित्र नाही. जी दाखवली जातात त्यांच्यावर वाद आहेत. द. ग. गोडसे हे स्वतः चित्रकार आणि नेपथ्यकार होते. त्यांनी मस्तानीवर पुस्तक लिहिलं ते दंतकथांच्या खालची बाई शोधायला.

चेहरा चुकला तर काय बिघडतं, असं वाटत असेल तर एक उदाहरण. शिवाजी महाराजांचं म्हणून एका भलत्याच सरदाराचं चित्र कितीतरी वर्षं आपल्याकडे छापलं जात होतं. १९३३ साली इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी महाराजांचं चित्र उजेडात आणलं. आज किल्ल्यावरचं दोन इंची चित्रसुद्धा नाक आणि दाढी बघून ओळखू येतं, त्यामागे हे काम आहे. मस्तानीला असा बेंद्रे अजून मिळालेला नाही. तोवर जो कुणी ब्रश उचलेल, तो तिचा चेहरा ठरवणार. सुपारीएवढ्या डोक्यावर एवढी जबाबदारी!

कपड्यांना थोडा तरी आधार मिळतो. राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोथरूडहून उचलून आणलेला मस्तानी महाल उभा केलाय. तिथे तासभर बसा, लाकूड, आरसे, दिवे यांचे रंग डोळ्यात भरून घ्या. लाल लाकडाशेजारी ओढणीचा रंग कसा दिसेल याचा अंदाज येतो. माझ्या बस्टची ओढणी हिरवी करायची होती, तिथून आल्यावर ती गडद मोरपंखी झाली. नथ घालायची का, यावर मात्र दोन रविवार गेले. पेशवाई म्हटलं की नथ हवीच असं वाटतं, पण ती इथली नव्हती. मी नथ दिली नाही. तुम्ही दिलीत तर भांडणार नाही.

डोळे

सगळे घाबरतात ते डोळ्यांना. आपल्याकडे गणपतीच्या मूर्तीचे डोळे काढतात त्याला आखणी म्हणतात. पेणच्या कारखान्यांत ती शेवटी होते, कसलेल्या हाताने. मिनिएचरवाले बरेचदा उलट करतात, डोळे आधी. कारण रंग बाहेर गेला तर कातडीच्या रंगाने कड साफ करता येते. मी दोन्ही करून पाहिलं, बस्टला आधीचीच पद्धत सोयीची वाटली.

बुबुळाभोवती शुभ्र पांढरा नको, भूत दिसतं. किंचित करडा-गुलाबी घ्या. बुबुळ वरच्या पापणीला चिकटलेलं हवं. चारी बाजूंनी पांढरं दिसलं की बाई दचकल्यासारखी दिसते. वरच्या पापणीची रेघ गडद, खालची अगदी फिकट. दोन्ही हातांची मनगटं एकमेकांना टेकवा, श्वास सोडा आणि मग रेघ ओढा. दोन्ही डोळे सरळ समोर बघतायत असं काढणं सगळ्यात अवघड, कारण केसभर चूक झाली तरी तिरळेपणा दिसतो. जरा बाजूला बघणारे डोळे सोपे जातात. माझी मस्तानी डावीकडे, खांद्यावरून बघते. शनिवारवाड्याच्या ज्या दरवाज्याला तिचं नाव आहे तो उत्तरेकडे उघडतो, तर टेबलावर ती मी अशी ठेवलीय की नजर उत्तरेला जाते. हा आपला माझा चावटपणा.

सगळं सुकलं की वरून मॅट वार्निश, म्हणजे ॲक्रिलिकची चमक जाते आणि कातडी कातडीसारखी दिसते. त्यानंतर ग्लॉस वार्निश फक्त तीन ठिकाणी, ब्रशच्या टोकाने. दोन्ही बुबुळांवर आणि खालच्या ओठावर.