माडीवरचा कॉम्प्युटर

मिरजेला मावशीच्या घरी दोन कॉम्प्युटर आहेत. माडीवर काकांचा, २००५ साली घेतलेला, विंडोज एक्सपीवरचा. खाली सोप्यात मावसबहिणीचा लॅपटॉप, विंडोज १० होम असलेला. काका घरीच डीटीपीचं काम करतात. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, सगळं पेजमेकरमध्ये. मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर ज्या डोंगलशिवाय उघडत नाही, तो डोंगल मशीनच्या पाठीमागे प्रिंटर पोर्टला लावलेला आहे. तसा पोर्ट आता लॅपटॉपला येतच नाही. त्यामुळे ‘तो जुना डबा टाकून द्या’ हा सल्ला या घरात कुणी देऊ नये. त्या डब्यावर घर चाललं आहे आणि आजही चालतं.

पूर्वी काका पेनड्राइव्हवर फाइल घेऊन छापखान्यात जात. परत येताना पेनड्राइव्हवर व्हायरस यायचा, फोल्डर गायब व्हायचे आणि त्यांच्या जागी नुसते शॉर्टकट दिसायचे. एकदा त्यात एका अहवालाचं तीन दिवसांचं काम गेलं. म्हणून २०२२ च्या उन्हाळ्यात मावसबहिणीने दोन्ही मशीन राउटरवर आणली. माडीवर पीडीएफ तयार करायची, खाली लॅपटॉपवर उचलायची आणि छापखान्याला मेल करायची. छान चाललं. मग ती लॅपटॉप घेऊन नोकरीवर पुण्याला गेली आणि तुळशीच्या लग्नाला परत आली, तर माडीवरचा फोल्डर उघडेना.

काकांचा फोन आला. “अगं, आम्ही कशाला हातसुद्धा लावला नाही. उन्हाळ्यात तर चालत होतं!”

अशा अडचणी सोडवायचं काम मी पंधराएक वर्षं करते आहे. ‘हात लावला नाही’ हे वाक्य बहुतेक वेळा खरं असतं, आणि फोन करेपर्यंत मात्र बरेच हात लागलेले असतात. मी पोचले तेव्हा एक्सपीची फायरवॉल बंद होती, लॅपटॉपचा अँटिव्हायरस बंद होता, वर्कग्रुपचं नाव बदललेलं होतं. पहिला अर्धा तास मी फक्त हे सगळं पूर्ववत केलं आणि काकांच्या ऑर्डरच्या वहीत मागच्या पानावर एकेक ओळ लिहीत गेले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती लिहून ठेवायची. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि काम झालं, तर कशामुळे झालं ते कळत नाही आणि उघडी राहिलेली फायरवॉल तशीच विसरली जाते.

वर्कग्रुपच्या नावामागे लोक फार वेळ घालवतात. ते नाव दोन्हीकडे सारखं असलं तर यादीत मशीन शेजारी दिसतात, एवढाच त्याचा उपयोग. नाव वेगळं असलं तरी पत्ता टाकून फोल्डर उघडता येतो.

मग खालून वर जायचं. आधी वायर. माडीवरून आलेली केबल राउटरला जिथे लागते तिथला हिरवा दिवा लुकलुकत होता. मग पत्ता. काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग टाइप केलं. माडीवर १९२.१६८.१.५, खाली १९२.१६८.१.१२. म्हणजे दोघं एकाच गल्लीत. यातला एखादा पत्ता १६९.२५४ ने सुरू झाला असता, तर राउटरकडून पत्ता मिळालाच नाही आणि मशीनने स्वतःच एक घेतला, असं समजून मी केबलकडे परत गेले असते.

खालून वर पिंग केलं, चार हाका आणि चार ‘ओ’. वरून खाली केलं तर शांतता. मावसबहीण म्हणाली, “सापडलं, लॅपटॉपचं नेटवर्कच खराब आहे.” तसं नव्हतं. लॅपटॉपने घरचं वायफाय ‘पब्लिक’ म्हणून नोंदवलं होतं, आणि तशा ठिकाणी त्याची फायरवॉल अनोळखी हाकेला उत्तर देत नाही. दार वाजवल्यावर आतून आवाज आला नाही म्हणून घरात कुणी नाही असं होत नाही. शिवाय आपल्याला लॅपटॉपवरून माडीवर जायचं होतं, माडीवरून लॅपटॉपमध्ये नव्हे. कोण कुणाकडे मागायला जाणार आहे, हे आधी ठरवलं की निम्मं काम सोपं होतं.

‘नेटवर्क’ची खिडकी रिकामी होती. तीही मी बाजूला ठेवली. जुन्या विंडोजमध्ये मशीन आपापसांत निवडणूक घेतात, निवडून आलेलं मशीन सगळ्यांची यादी सांभाळतं आणि बाकीची दर १२ मिनिटांनी ‘मी आहे’ असं कळवतात. नव्या विंडोजने ती पद्धत सोडली आहे. त्यामुळे यादीत नाव नसणं हा काही पुरावा नाही. मी वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन सरळ १९२.१६८.१.५ लिहिलं आणि शेअर केलेल्या फोल्डरचं नाव जोडलं.

एक चौकट आली. या घरात ती चौकट आठवडाभर रोज येत होती आणि रोज ‘ओके’ दाबून बंद होत होती. मी ती काकांना मराठीत वाचून दाखवली: हा फोल्डर उघडण्यासाठी एसएमबी-१ हा जुना प्रोटोकॉल लागतो आणि तो सुरक्षित नाही.

एसएमबी ही फाइल मागायची आणि द्यायची बोली १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी तयार केली. एक्सपीला तिचं पहिलं रूपच येतं. दुसरं व्हिस्टाबरोबर आलं, तिसरं विंडोज ८ बरोबर. १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो पहिल्या रूपातल्या एका भोकातून, आणि ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या रुग्णालयांना त्या दिवशी रुग्ण परत पाठवावे लागले. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला होता, तरी या प्रसंगात त्याच्यासाठी मुद्दाम पॅच काढला गेला. काकांच्या मशीनवर तो आहे की नाही, हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. आहे.

मग उन्हाळ्यात कसं चालत होतं? २०१७ च्या अखेरीपासून विंडोज १० होममध्ये एसएमबी-१ चा मागणारा भाग येतो खरा, पण पंधरा दिवस वापरला गेला नाही की विंडोज तो स्वतःच काढून टाकतं. मशीन बंद असल्याचा वेळ यात धरत नाहीत. पुण्यात लॅपटॉप महिनोन्‌महिने रोज नऊ-दहा तास चालू होता आणि माडीवरच्या कॉम्प्युटरशी बोलायची वेळ एकदाही आली नाही. काका खरंच बोलत होते. कुणीही हात लावला नव्हता.

‘विंडोज फीचर्स’च्या यादीत एसएमबी-१ खाली तीन खुणा असतात: आपोआप काढणं, क्लायंट म्हणजे मागणारा आणि सर्व्हर म्हणजे देणारा. घाईत लोक सगळ्यावर खूण करतात. ते मला मनापासून चुकीचं वाटतं. वॉनाक्राय सर्व्हरच्या भागातून शिरत होता आणि लॅपटॉपला फक्त मागायचं आहे, द्यायचं काहीच नाही. मी क्लायंट चालू केला, आपोआप काढणं बंद केलं, सर्व्हरला हात लावला नाही. वर एक्सपीत काकांच्या पीडीएफचा एकच फोल्डर शेअर ठेवला, तोही फक्त वाचण्यापुरता. पत्ता हाताने कायमचा भरला आणि गेटवेची चौकट रिकामी सोडली. बाहेर जायची वाट ठाऊक नसली की मशीन घरातल्या घरात बोलतं, इंटरनेटवर जात नाही. काकांना तिथे इंटरनेट कधीच नको होतं.

लॅपटॉप पुन्हा सुरू झाला. तोच पत्ता लिहिला. फोल्डर उघडला.

काका खाली आले आणि चष्मा लावून खुर्चीत बसले. त्यांनी एक लग्नपत्रिका उघडली. पीडीएफ करताना फॉन्ट आत घेतलेला असल्यामुळे अक्षरं जशीच्या तशी होती. तोच मजकूर नुसता कॉपी करून आणला असता, तर मराठी अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसला असता. ते ओळीवरून बोट फिरवत गेले आणि थांबले.

“आशीर्वादातला ‘शी’ ऱ्हस्व पडलाय.”

ते माडीवर गेले. जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज, मग वरच्या पंख्याची घरघर. मावशीने चहा आणून ठेवला. जरा वेळाने वरून हाक आली, “बघ आता.” मी एफ-५ दाबलं. फाइलच्या नावासमोरची वेळ बदलली होती.