काट्याला नवी भाषा

लातूरच्या आडत बाजारात तूर किंवा सोयाबीन तोलणारा इलेक्ट्रॉनिक काटा आपण पाहिलेला असेल. अशा पुष्कळ काट्यांच्या मागे नऊ पिनांची खोबणी असते. पूर्वी तीतून वजनाचा आकडा थेट संगणकात जाई. आजच्या बहुतेक संगणकांना ती खोबणीच नसते. असते ती यूएसबी. मग आकडा हाताने उतरून घ्यावा लागतो, आणि त्यात चूक झाली की ती शेतकऱ्याच्या पट्टीत येते. म्हणून धडका काटा टाकून द्यावा काय?

केवळ खोबणी बदलून हे भागत नाही. जुन्या पद्धतीत काटा आपल्या मनाने बोलू शके. सात कंपन्यांनी मिळून सिद्ध केलेली यूएसबी १९९६ साली आली. बडोद्यास शिकलेले अजय भट्ट तिच्या प्रमुख रचनाकारांपैकी एक. तिच्यात संगणक हा यजमान असतो. तो विचारील तेव्हाच उपकरणाने उत्तर द्यावयाचे. जोडणी होताच तो चौकशी करतो : तू कोण, तुझा कर्ता कोण, तुला वीज किती हवी? नेहमीच्या यूएसबी २.० मध्ये ही ओळख पटेपर्यंत १०० मिलिअँपिअरच वीज घेता येते. पुढे ५०० पर्यंत.

हे शिष्टाचार काट्याला शिकविण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली दुभाष्या चिपची. ती जुनी भाषा ऐकून नवीत सांगते. काट्याच्या प्रोग्रॅमला हात लावावा लागत नाही. मात्र जुन्या तारेवरचा दाब दहाबारा व्होल्टांपर्यंत जातो, तो या चिपला सोसत नाही. मध्ये दाब उतरविणारी दुसरी चिप हवीच. दुसरी वाट म्हणजे यूएसबी अंगचीच असलेला मायक्रोकंट्रोलर. नग पुष्कळ असतील तर तो स्वस्त पडतो. पण सारी उत्तरे आपणच लिहावयाची आणि कर्त्याचा ओळखक्रमांकही संघटनेकडून विकत घ्यावयाचा.

माझे मत असे. जुन्या काट्याला दुभाष्या बाहेरच, तारेत बसवावा. काटा उघडला तर वैधमापन खात्याची मोहर तुटते आणि पुन्हा पडताळणी करावी लागते. चिप मात्र अस्सल घ्यावी. २०१४ साली एका ड्रायव्हरने नकली चिपांचा क्रमांक शून्य केला आणि त्या मुक्या झाल्या. नवा काटा घडविणाऱ्याने दुसरी वाट धरावी. नांदेडास १९८१ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण मिळते. हे काम तेथील तरुणांच्या आवाक्याबाहेरचे नाही.