लॉगआउट कुठंय, बॉस?

लंचची हाक आली की आपण पीसी तसाच टाकून कॅन्टीनकडे पळतो. स्क्रीनवर कंपनीच्या साइटवरचं पासवर्डवालं फोल्डर उघडंच, आणि त्यात अख्ख्या टीमचे पगार! 'होईल की आपोआप लॉगआउट,' असं वाटतंय? सॉरी, नाही होणार.

बँकेच्या साइटची गोष्ट वेगळी. तिथं सर्व्हर घड्याळ लावून बसलेला असतो. काही मिनिटं हालचाल नाही, की सेशन खल्लास! पण काही साइट्सवर फोल्डर उघडताना ब्राउझरचीच छोटी चौकट नाव-पासवर्ड मागते. हे 'बेसिक ऑथेंटिकेशन', १९९६ च्या एचटीटीपी १.० मधलं कुलूप. इथं सर्व्हर तुम्हाला लक्षातच ठेवत नाही. ब्राउझरच पासवर्ड लक्षात ठेवतो आणि प्रत्येक पानासोबत गुपचूप पुन्हा पाठवतो. मग टाइमआउट कुठला आणि लॉगआउटचं बटण तरी कुठलं?

करायचं काय?

* नुसता टॅब नको, ब्राउझरच्या सगळ्या विंडो बंद करा.
* दुसऱ्याच्या पीसीवर प्रायव्हेट विंडो वापरा. 'पासवर्ड सेव्ह करू?' याला ठाम नकार!
* जागेवरून उठताना विंडोज आणि एल ही बटणं एकत्र दाबा. स्क्रीन लॉक!
* साइट सांभाळणाऱ्या दोस्ताला पटवा. अपॅची सर्व्हरच्या २.४ आवृत्तीत (२०१२) 'मॉड ऑथ फॉर्म' आलं. त्यासोबत 'सेशन मॅक्स एज' १८०० ठेवलं, की अर्धा तास शांतता झाल्यावर दार आपोआप बंद.

तोवर चहा प्या निवांत, पण स्क्रीन लॉक करूनच!