मेन स्विच बंद, तरी वीज चालू!

भोपाळच्या रायसेन रस्त्यावर, पिपलानीच्या पलीकडे आमचे आनंद नगर आहे. शेजारीच हेवी इलेक्ट्रिकल्सचा तो प्रचंड कारखाना. १९५६ साली स्थापन झालेल्या या कंपनीने देशाला ट्रान्सफॉर्मर आणि जलविद्युत् यंत्रे पुरविली. तरीही या दिव्याखाली अंधार अनुभवण्याची पाळी आम्हांवर आलीच. २००० साली छत्तीसगड वेगळे झाले, कोरब्याची मोठी वीजकेंद्रे त्या राज्याच्या वाट्याला गेली आणि पुढली काही वर्षे वीजकपातीने साऱ्या मध्य प्रदेशाला जेरीस आणले. घरोघरी इन्व्हर्टर आले ते त्याच सुमारास. आता कपात पूर्वीइतकी राहिलेली नाही. पण जूनमधले पहिले वादळ सुटले की ‘बत्ती गुल’ हा पुकारा अजूनही ऐकू येतो, आणि मुलांच्या अभ्यासासाठी व घरातील वृद्धांसाठी इन्व्हर्टर हवासाच वाटतो.

आमच्याकडेही तो आला. एका मिस्त्रीने तासाभरात जोडून दिला, दिवे लागले, पंखे फिरले आणि आम्ही निश्चिंत झालो. पुढच्या उन्हाळ्यात बैठकीतला पंखा जळाला. दुरुस्तीसाठी आलेला तरुण स्टुलावर चढण्यापूर्वी म्हणाला, “काका, मेन बंद करा.” मी स्वतःच्या हाताने मेन स्विच खाली ओढला. क्षणभराने तो तरुण ओरडून जमिनीवर कोसळला. दैव बलवत्तर म्हणून मनगटाच्या दुखापतीवर निभावले. पण “मेन तर मीच बंद केला होता,” हे वाक्य पुढे कित्येक दिवस मला झोपू देईना.

झाले होते ते असे. मेन बंद करणे आणि वीज जाणे या दोहोंत इन्व्हर्टरला काहीच भेद कळत नाही. येणारी वीज थांबताच तो पापणी लवण्याच्या आत बॅटरीतून वीज घेऊन आपल्याला जोडलेल्या तारांत २३० व्होल्टची वीज सोडतो. दिवसाउजेडी दिवे बंद होते आणि पंखा जळलेलाच होता. तारेत वीज आहे हे कळणार तरी कसे? मेन ओढला की घर निर्धोक झाले, हा आपल्या वाडवडिलांपासूनचा विश्वास इन्व्हर्टर आल्या दिवसापासून खोटा ठरतो, कारण त्या दिवसापासून घरात विजेचे एक दुसरे उगमस्थान नांदू लागते. सुरक्षित जोडणीचे सारे नियम या एका गोष्टीतून निघतात.

पहिला नियम असा, की दोन उगमांची वीज एका तारेत कधीही समोरासमोर येता कामा नये. इन्व्हर्टरवर जे दिवे-पंखे चालवायचे त्यांची फेज तार मेनच्या बोर्डातून पूर्णपणे सोडवून इन्व्हर्टरच्या बाहेर पडणाऱ्या फेजला जोडावी. मेनशी तिचा एकही धागा राहू नये. इन्व्हर्टर बिघडल्यास पर्याय म्हणून ठेवायचा स्विच तर दुतर्फी बदलाचाच हवा, म्हणजे एका वेळी एकीकडेच जोड होईल. आमच्या मिस्त्रीने तेथे साधा स्विच बसविला होता. तो चुकून चालू राहिला असता तर इन्व्हर्टरची वीज उलट्या वाटेने खांबाकडे निघण्यास मोकळी होती.

त्याहूनही घातक म्हणजे दोन्ही टोकांना पिना असलेली वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचून घरभर वीज ‘खेळविण्याचा’ उद्योग. शेजाऱ्यापाजाऱ्यांचा भार अंगावर येताच इन्व्हर्टर आपोआप बंद पडेल, असे कोणी म्हणतात. पण खांबावरून घराला येणारी तार जर तुटलेली किंवा वेगळी केलेली असेल, तर तिच्यावर दुसरा भारच नसतो. इन्व्हर्टर निमूट चालत राहतो आणि लाइनमनच्या हाती जिवंत तार लागते. ही वीज ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोहोचली, तर पलीकडे तिचे हजारो व्होल्ट होतात. भर पावसात आपल्याच घरी उजेड यावा म्हणून खांबावर चढलेल्या माणसाच्या जिवाशी हा खेळ आहे.

दुसरा नियम न्यूट्रलचा. जुन्या घरांत एकच न्यूट्रल दोन-तीन मार्गांना वाटून दिलेला आढळतो. इन्व्हर्टरच्या मार्गांना स्वतःचा न्यूट्रल हवा. गीझर किंवा पंपाच्या मार्गाचा उसना घेऊ नये. उसनवारी झाली की शॉकपासून वाचविणारा आरसीसीबी वारंवार पडतो आणि वैतागून लोक तोच काढून टाकतात! वास्तविक मेनजवळचा आरसीसीबी इन्व्हर्टरच्या विजेवर पहारा देईलच असे नाही. म्हणून इन्व्हर्टरनंतरच्या मार्गावर ३० मिलिअँपिअरचा स्वतंत्र आरसीसीबी बसवावा. अर्थिंग तपासून घ्यावे आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालण्याचा जुना प्रघात मोडू नये.

तिसरी गोष्ट भाराची. ८०० व्हीएचा इन्व्हर्टर साधारण ६४० वॉटचा भार पेलतो. साध्या पंख्याला ७५ वॉट व एलईडी दिव्याला ९ वॉट धरले, तर तीन पंखे आणि सहा दिवे मिळून २७९ वॉट होतात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची चांगली बॅटरी हा भार सुमारे चार तास ओढते. इस्त्री, गीझर, मिक्सर आणि पाण्याचा पंप यांना या मार्गावर स्थान नाही.

बॅटरीकडची बाजू अवघी १२ व्होल्टची म्हणून निर्धास्त राहू नये. पूर्ण भारावर तेथून साठाहून अधिक अँपिअर वाहतात. म्हणून तारा जाड व आखूड, जोड घट्ट आणि धन टोकाजवळ फ्यूज हवाच. चार्ज होताना शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की ठिणगी पुरे होते. तेव्हा बॅटरी हवेशीर जागी ठेवावी. देवघरात समईजवळ अथवा बंद कपाटात नव्हे. तीत नळाचे पाणी न घालता डिस्टिल्ड पाणीच घालावे.

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. आपले काम त्याला योग्य प्रश्न विचारण्याचे आणि शेवटी समोर उभे राहून परीक्षा घेण्याचे: इन्व्हर्टर चालू ठेवून मेन बंद करावा आणि मेनच्या घराकडच्या बाजूस तसेच इन्व्हर्टरवर नसलेल्या सॉकेटमध्ये वीज येत नाही ना, हे त्याच्याकडून तपासून घ्यावे. दुरुस्तीच्या वेळी मेन बंद, इन्व्हर्टरही बंद, त्याच्या बाहेर पडणाऱ्या मार्गाचा एमसीबीही बंद, आणि तारेला हात लावण्यापूर्वी टेस्ट लॅम्पने खात्री, हा क्रम घरातील प्रत्येकाला पाठ असावा.

आमच्या घरी पुढे एका अनुभवी वायरमनने सारी जोडणी नव्याने केली. त्या दिवशी मी मीटरच्या बोर्डावर मोठ्या अक्षरांत एक पाटी लावली. आमच्याकडे येणारा कारागीर मराठी वाचणारा असेलच असे नाही, म्हणून ती मराठी व हिंदी या दोन्ही भाषांत लिहिली आहे: ‘या घरात इन्व्हर्टर आहे. मेन बंद केल्यावरही तारांत वीज असते.’ मनगट बरे झाल्यावर तो तरुण पुन्हा कामाला आला, तेव्हा स्टुलावर चढण्यापूर्वी त्याने ती पाटी वाचली आणि मला म्हणाला, “काका, अब दोनों बंद कीजिए.”