फोनवरचं हृदय नुसतं पाहू नका, जुळवून बघा

फोनवर हृदयाचं चित्र उघडलेलं. खाली नावं दिलेली. एकेक नाव बोटानं ओढून बरोबर जागी सोडायचं. ‘डावं निलय’ आपण आपल्या डाव्या हाताला सोडतो आणि लाल फुली येते. पहिल्या वेळी बहुतेक जण इथंच चुकतात.

कारण साधं आहे. चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो, म्हणून त्याची डावी बाजू ती आपली उजवी. पुस्तकात ही आकृती दहा वेळा पाहिली तरी ते ध्यानात येत नाही. एकदा फुली आली की विसरत नाही. असे खेळ उपयोगी पडतात ते यामुळंच. व्हिडिओ पाहताना सगळं समजल्यासारखं वाटतं, पण नाव आठवून जागेवर ठेवायची वेळ आली की खरं काय ते कळतं.

गावातून दहावी मराठी माध्यमात करून नागपुरात प्रताप नगर, त्रिमूर्ती नगरकडे खोली घेऊन नीट किंवा नर्सिंगची तयारी करणाऱ्या मुलामुलींना आणखी एक अडचण असते. काल जे अलिंद आणि निलय होतं, ते अकरावीत एट्रियम आणि व्हेंट्रिकल होतं. रोहिणीची आर्टरी होते, शिरेची व्हेन. अवयव तोच, नाव बदललं. नीटमध्ये जीवशास्त्राचे ९० प्रश्न, म्हणजे ७२० पैकी ३६० गुण. पेपर मराठीतूनही देता येतो, पण अकरावी-बारावी सायन्सचं शिकवणं बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच चालतं. म्हणून वहीत दोन रकाने करा: एकात मराठी नाव, दुसऱ्यात इंग्रजी. मग फोनवर इंग्रजी नावं जुळवा.

सुरुवातीला पैसे मोजायची गरज नाही. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपमधून स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य फुकट मिळतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ संकेतस्थळावर चेतापेशीचं सिम्युलेशन आहे. बटण दाबलं की सोडियमचे कण पेशीत शिरताना आणि मागोमाग पोटॅशियमचे बाहेर पडताना दिसतात. मध्येच थांबवून पुन्हा पाहता येतं. ते एकदा डाउनलोड करून ठेवलं की गावात रेंज नसली तरी चालतं.

पण एक गोष्ट जपा. अशा चित्रांत अशुद्ध रक्त निळं दाखवतात. रक्त निळं कधीच नसतं. ऑक्सिजन कमी असलेलं रक्त गडद लाल असतं. निळा रंग फक्त ओळखायच्या सोयीसाठी. त्यात फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी निळी आणि तिथून येणाऱ्या शिरा लाल दिसतात, तेव्हा पोरं गोंधळतात. रोहिणी म्हणजे हृदयातून रक्त बाहेर नेणारी, शिरा म्हणजे परत आणणारी. रंग विसरा, दिशा धरा.

मग फोन खाली ठेवा आणि मनगटावर दोन बोटं टेकवा. तीस सेकंद ठोके मोजून दुप्पट करा. बसल्या जागी साधारण ७२ येतील. एका ठोक्यात हृदय सुमारे ७० मिलिलिटर रक्त ढकलतं, म्हणजे मिनिटाला पाच लिटर. तेलाचा पाच लिटरचा अख्खा कॅन! आता वीस उठाबशा काढून पुन्हा मोजा.

प्राणिशास्त्राच्या पदवी वर्गांतलं प्राण्यांचं विच्छेदन विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१४ मध्ये थांबवायला सांगितलं, तेव्हापासून पडद्यावरच्या साधनांवर भार वाढला. तरी जाडी, वजन, घट्टपणा पडद्यावर कळत नाही. त्यासाठी मटणाच्या दुकानातून बकऱ्याचं हृदय मागून आणा. त्यालाही आपल्यासारखेच चार कप्पे असतात. मोठ्या माणसाला सोबत घेऊन उभं कापा आणि दोन्ही निलयांच्या भिंती बोटांनी दाबून पाहा. जी जाड लागेल ती डावी, कारण अंगभर रक्त ढकलायचं काम तिचं. उजवीला फक्त शेजारच्या फुप्फुसापर्यंत पोचवायचं असतं. हात मात्र साबणानं धुवा.