खाणीचा शेअर म्हणजे सोनं नव्हे!

मैत्रिणींनो, शिमगा झाला की कुरुंद्याच्या शिवारात हळद शिजवायचे कुकर पेटतात. मग वाळवण, पॉलिश आणि शेवटी वसमतचा मोंढा. आपल्या वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. काट्यावर हळद लागली की घरात पैसा येतो. सोसायटीचं कर्ज, पोरांची फी, पुढच्या हंगामाचं खत असं सगळं भागवून काही उरलंच, तर बाईमाणसाच्या मनात पहिला विचार येतो तो सोन्याचा. आपल्या आईनं, सासूनं हेच केलं. अडीनडीला तेच डबीतलं सोनं कामाला आलं.

पण २०२५ साली तोळ्याचा भाव लाखाच्या पुढे गेला आणि आपली पंचाईत झाली. आता अर्धा तोळा घ्यायचा तरी हात आखडतो. नेमकी अशा वेळी घरातलाच एखादा शिकलेला भाचा मोबाइल दाखवत म्हणतो, "मावशी, सोनं कशाला घेत बसलीस? सोन्याच्या खाणीचे शेअर घे. लहान कंपनी आहे, शेअर स्वस्त आहे. सोनं वाढलं की हा दहापट वाढतो बघ."

भाच्याचा हेतू वाईट नसतो. त्याचं म्हणणं अगदीच खोटं असतं असंही नाही. पण ते अर्धं असतं. उरलेलं अर्धं काय, ते आज बघू या.

ओली हळद आणि दगडातलं सोनं

शेतातून काढलेली पाच क्विंटल ओली हळद शिजवून वाळवली की हाती साधारण एक क्विंटल येते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. सोन्याचं गणित याहून फार कठीण आहे. एक टन दगडात दोन-तीन ग्रॅम सोनं सापडलं तरी खाण चालवायचा विचार होतो. म्हणजे पाच ग्रॅमच्या अंगठीसाठी दोन-अडीच टन दगड फोडायचा, दळायचा आणि रसायनात धुवायचा! वीज, पाणी, मजुरी, यंत्रं हा सगळा खर्च आधी. सोनं दिसणार मागून.

आता लहान कंपनी म्हणजे काय? बहुतेक वेळा तिच्याकडे चालू खाण नसतेच. असतो तो जमिनीचा एक पट्टा, तिथं सोनं असेल असा अंदाज आणि शोध घेण्याचा परवाना. आपण बोअर घेतो तसे ती ठिकठिकाणी खोल बोअर पाडते, आतल्या दगडाचे नमुने तपासायला पाठवते. बोअरला पाणी लागेलच याची खात्री पाणाड्यासुद्धा देत नाही. इथंही तसंच. बहुतेक शोध खाणीपर्यंत पोचतच नाहीत.

तोवर कंपनीची कमाई शून्य आणि खर्च चालू. मग पैसा कुठून आणायचा? नवे शेअर काढून. आपण याकडे लक्ष देत नाही, पण खरी मेख इथंच आहे. वडिलांच्या दहा एकरांत दोन भाऊ असले तर पाच-पाच एकर. वाटेकरी पाच झाले तर दोन-दोन. जमीन तेवढीच, वाटा मात्र कमी. नवे शेअर निघाले की आपल्या शेअरचं असंच होतं.

भाचा म्हणतो त्यात खरं एवढंच की चालू खाणीच्या कंपनीला सोन्याच्या भाववाढीचा फायदा जास्त होतो. खर्च तेवढाच राहतो आणि भाव वाढला की वरचा सगळा नफा. पण भाव पडला तर नुकसानही तसंच दुणावतं. आणि ज्या कंपनीची खाणच सुरू नाही, तिचा शेअर सोन्याच्या भावावर कमी आणि बातम्यांवर जास्त नाचतो.

आपल्याच राज्यात झालेला खेळ

हे सगळं नवं आहे असं समजू नका. कुरुंदा तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होतं आणि सोन्याच्या हट्टी खाणीचा रायचूर जिल्हाही त्याच राज्यात. १८८६ साली राज्यातल्या खनिजांचा मक्ता इंग्रज मंडळींना मिळाला. लंडनला 'हैदराबाद (डेक्कन) कंपनी' निघाली. एक लाख शेअर होते. त्यातले पाऊण लाखाहून जास्त शेअर मक्तेदारांनी स्वतःकडेच ठेवले. बाहेरच्यांनी खरोखर पैसे भरले ते थोड्याच शेअरांवर. मग चढ्या भावानं शेअर विकायला सुरुवात झाली. निजामाच्या सरकारनंही घेतले आणि पुढे उघड झालं की ते सरकारचाच बडा अधिकारी सरदार अब्दुल हक याच्या गुप्त वाट्यातले होते! १८८८ साली थेट ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीनं याची चौकशी केली.

ज्याच्या तिजोरीला अंत नव्हता, त्या निजामाच्या सरकारलाही शेअर कोण विकतंय हे कळलं नाही. मग आपण तर विचारायलाच हवं, नाही का?

गंमत म्हणजे हट्टीत सोनं खरंच होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं काम झालं, मग खाण बंद पडली. १९४७ साली नवी कंपनी उभी राहिली आणि आज ती कर्नाटक सरकारची आहे. देशात निघणाऱ्या सोन्यातलं बहुतेक सोनं तिथलंच. पण तिचा शेअर बाजारात मिळत नाही. कोलारची खाण १८८० पासून चालली, तीन किलोमीटरहून खोल गेली, तरी सोनं काढण्याचा खर्च परवडेना म्हणून २००१ साली बंद झाली. आपला देश वर्षाला सातशे-आठशे टन सोनं बाहेरून आणतो आणि इथं निघतं ते दीड टनाच्या आसपास. यावरून काय ते समजा.

परवाना आणि वाट

आज आपल्याकडे सोन्याच्या शोधात असलेली आणि मुंबई शेअर बाजारात नोंदलेली कंपनी म्हटलं की नाव येतं ते डेक्कन गोल्ड माइन्सचं. २००३ साली ती सुरू झाली. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यात गणजूरला तिनं सोनं शोधलं, खाणीसाठी अर्ज केला. पण २०१५ साली कायदा बदलून खाणींचे लिलाव सुरू झाले आणि २०२१ च्या दुरुस्तीनं जुने अडकलेले अर्जच बाद ठरले. आंध्रातल्या जोन्नगिरीच्या खाणीत तिचा हिस्सा आहे. तिथंही शोधापासून उत्पादनापर्यंत यायला कित्येक वर्षं गेली. हिचा शेअर घ्या किंवा घेऊ नका, असं इथं सांगायचं नाही. मुद्दा एवढाच की सोनं सापडलं तरी ते बाहेर येईपर्यंत लेकरू शाळेतून कॉलेजात जातं. तेवढं थांबायची आपली तयारी आहे का?

आणि सोनं सापडलंच नसेल तर? कॅनडाच्या ब्रे-एक्स या लहानशा कंपनीनं इंडोनेशियाच्या जंगलात प्रचंड सोनं सापडल्याचं जाहीर केलं. काही सेंटांचा शेअर दोनशे डॉलरांच्या वर गेला. अल्बर्टा प्रांतातल्या सेंट पॉल नावाच्या छोट्या गावात तर एकमेकांचं बघून कित्येकांनी शेअर घेतले. शिक्षकांच्या पेन्शन फंडाचेही पैसे त्यात होते. १९९७ साली बाहेरच्या तज्ज्ञांनी पुन्हा बोअर पाडून पाहिलं तेव्हा कळलं, की तपासणीच्या नमुन्यांत वरून सोन्याची भुकटी मिसळली होती. जमिनीत काहीच नव्हतं! शेअरची किंमत रद्दीइतकीही राहिली नाही.

घ्यायचाच असेल तर

सहकारी साखर कारखान्याचा शेअर आपल्या गावात बऱ्याच घरांत असेल. पण तो शेअर वेगळा आणि हा वेगळा. तिथं ऊस घालायचा हक्क असतो, चेअरमनला सभेत उभं राहून विचारता येतं. इथं आपला चेहराही कुणाला माहीत नसतो. म्हणून हे प्रश्न आधीच विचारा :

१. कंपनीची खाण चालू आहे की नुसता शोध सुरू आहे? गेल्या वर्षी सोनं किती निघालं? कंपनीचा वार्षिक अहवाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. पोरांना मराठीत वाचून दाखवायला सांगा.

२. गेल्या पाच वर्षांत किती नवे शेअर काढले? म्हणजे वाटेकरी किती वाढले?

३. रोज या शेअरची खरेदी-विक्री किती होते? गर्दी नसलेल्या शेअरला विकायच्या दिवशी गिऱ्हाईकच मिळत नाही. भाव कागदावर राहतो आणि पैसा अडकतो.

४. सल्ला देणारा सेबीकडे नोंदलेला आहे का? मोबाइलच्या ग्रुपवर 'आजच घ्या, उद्या दुप्पट' असं सांगणाऱ्याकडे बहुधा स्वतःचेच शेअर विकायला पडलेले असतात. आपण घेतो आणि तो निसटतो.

५. डीमॅट खातं कुणाच्या नावावर आहे? ते आपल्याच नावावर हवं. आपला पासवर्ड आणि ओटीपी नवऱ्याच्या मित्रालाही द्यायचा नाही. कुणाच्या खासगी खात्यावर पैसे पाठवायचे नाहीत. फसगत झालीच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या नंबरवर तक्रार करा. जितका उशीर, तितका पैसा लांब जातो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : अंगावरचं सोनं गहाण ठेवून, बचत गटाचं कर्ज उचलून किंवा भिशीचा नंबर लावून असले शेअर कधीच घेऊ नका. बुडाले तरी घरातली चूल आणि पोरांची फी थांबणार नाही, एवढीच रक्कम यात घालावी. ती रक्कम शून्य निघाली, तर शून्यच घालावी. त्यात कमीपणा कसला?

सोन्याच्या भावाचा फायदा हवा असेल तर सरळ वाटाही आहेत. थोडं थोडं घ्यायचं तर गोल्ड ईटीएफ किंवा गोल्ड फंड आहेत. त्यामागं खरं सोनं ठेवलेलं असतं, घडणावळ नाही, चोरीची भीती नाही. भाव उतरला तर त्यांचीही किंमत उतरते, पण सोनं नाहीसं होत नाही. सरकारी सुवर्ण रोख्यांची नवी विक्री फेब्रुवारी २०२४ नंतर झालेली नाही, तेव्हा 'नवे रोखे मिळवून देतो' म्हणणाऱ्यापासून सावध राहा. दागिनाच घ्यायचा तर हॉलमार्क आणि त्यावरचा सहा अक्षरांचा एचयूआयडी नंबर पाहूनच घ्या, आणि पक्की पावती मागा.

हळदीच्या पैशामागे आपले किती दिवस आणि किती कळा आहेत, हे त्या भाच्याला ठाऊक नसतं, ग्रुपवरच्या माणसाला तर नसतंच. तेव्हा पुढच्या वेळी कुणी खाणीचा शेअर सुचवला तर रागावू नका, हसून घालवूही नका. चहा ठेवा, वही-पेन घ्या आणि वरचे पाच प्रश्न त्यालाच विचारा. उत्तरं आली तर विचार करा. नाही आली, तर आपला पैसा आपल्या खात्यात बरा.